बंद पडलेल्या सर्व्हरची पुस्तकं

गेल्या शनिवारी इंटरनेट अर्काइव्हवर एक जुनं मराठी पुस्तक शोधत होतो. सापडलं. आत ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचा शिक्का. ही संस्था १८९३ सालची. म्हणजे ठाण्याच्या कपाटातलं पुस्तक सॅन फ्रान्सिस्कोवरून माझ्या स्क्रीनवर!

पण माझं लक्ष गेलं ते त्याच्या ओळखक्रमांकाकडे. सुरुवातीला ‘इन.अर्नेट.डीएलआय’ अशी अक्षरं. आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं की हा कुठल्यातरी वेबसाइटचा पत्ता आहे, उलटा लिहिलेला. गंमत म्हणजे ती साइट आता नाहीच. वाडा पडला, दारावरची पाटी तेवढी उरली.

ही पाटी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ची. तिची गोष्ट सुरू होते राज रेड्डींपासून. आंध्रातल्या खेड्यात जन्मलेले, अमेरिकेत कार्नेगी मेलनला प्राध्यापक झालेले, १९९४ साली ट्यूरिंग पुरस्कार मिळालेले हे गृहस्थ. त्यांचं म्हणणं सरळ होतं: दहा लाख पुस्तकं स्कॅन करायची आणि जगाला फुकट द्यायची. भारत, चीन आणि इजिप्तमधल्या संस्था सामील झाल्या. आपल्याकडे बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रा. एन. बालकृष्णन यांनी धुरा घेतली. २००७ साली या जागतिक प्रकल्पाने पंधरा लाखांचा आकडा ओलांडल्याचं जाहीर केलं.

आकडा मोठा, पण काम किती कंटाळवाणं असेल बघा. पिवळी पडलेली पानं एकेक करून उलटायची, स्कॅन करायची, आणि मग पुस्तकाचं नाव रोमन लिपीत टाइप करायचं. इथेच घोळ झाला. ‘ज्ञानेश्वरी’तला ‘ज्ञ’ मराठी माणूस डी-एन-वाय असा लिहितो, हिंदीवाला जी-वाय, आणि संस्कृतवाला जे-एन. शोधणाऱ्याने नेमकं कुठलं टाइप करायचं? पुस्तक असूनही सापडत नाही म्हणजे ते नसल्यातच जमा. शिवाय आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, आणि तो न संपलेली पुस्तकंही या ढिगात शिरली होती. त्यावरून तक्रारी झाल्या. २०१७ च्या सुमारास साइट बंद पडली.

त्या दिवशी सगळं संपायला हवं होतं. वाचलं ते एका माणसाच्या आगाऊपणामुळे. कार्ल मालामूद नावाच्या अमेरिकन कार्यकर्त्याने साइट चालू होती तेव्हाच तिथली चार लाखांहून जास्त पुस्तकं उतरवून इंटरनेट अर्काइव्हवर चढवली होती. त्यात मराठी पुस्तकं हजारोंनी. जुने ओळखक्रमांक त्याने तसेच ठेवले, म्हणून ती पाटी आजही दिसते.

माझ्या एका जुन्या कंपनीत (नाव नको!) रोज रात्री इमानेइतबारे बॅकअप व्हायचा. त्याच मशीनवर, त्याच डिस्कवर. डिस्क गेली तेव्हा दोन्ही गेलं. तेव्हा शिकलेला धडा असा, की एका जागी असलेली गोष्ट ‘आहे’ असं म्हणूच नये. स्कॅन केलं म्हणजे जतन झालं हा आपला मोठा गैरसमज. स्कॅन ही फक्त आणखी एक प्रत. ती जितक्या ठिकाणी, तितकं तिचं आयुष्य.

आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं. छापखाने यायच्या आधी ज्ञानेश्वरी पाचशेहून जास्त वर्षं टिकली ती नकलांवर. गावोगावी कोणीतरी बसून पोथी उतरवत होतं. अर्थात, नकलेबरोबर चुकाही आल्याच. शब्द बदलले, ओव्या घुसल्या. शेवटी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती समोर ठेवून पाठ शुद्ध केला. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या आवृत्त्या ताडून मर्ज केलं आणि बग काढले. पण हे कशामुळे जमलं? ताडून बघायला एकापेक्षा जास्त प्रती शिल्लक होत्या म्हणून. एकच पोथी असती आणि तीच चुकीची असती, तर नाथांनी तरी काय केलं असतं?

डिजिटल लायब्ररीतल्या पुस्तकांचं आज नेमकं तिथेच अडलंय. नकला झाल्या, शुद्धीकरण राहिलं. नावं चुकलेली, लेखक गायब, पानं उलटसुलट. मराठीचं ‘ज्ञ’ कळणाऱ्या माणसालाच हे निस्तरता येईल. पिट्सबर्गहून किंवा सॅन फ्रान्सिस्कोहून कोणी येणार नाही.

असो. शनिवारी सापडलेलं ते पुस्तक मी उतरवून घेतलं. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक गावी बाबांच्या कॉम्प्युटरवर. फाइलला नाव दिलं ते देवनागरीत.