'डेस्परेट' : निरपराध माणसाची कोंडी

अँथनी मान यांचा 'डेस्परेट' (१९४७) हा आरकेओ कंपनीचा जेमतेम सव्वा तासाचा चित्रपट. अमेरिकेत त्या काळी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवीत : एक बड्या नटांचा, दुसरा कमी खर्चाचा. या दुसऱ्याचे भाडे बहुधा ठरावीक रकमेचे असे. उत्पन्नाला मर्यादा, म्हणून खर्चालाही. फ्रेंच समीक्षकांनी १९४६ मध्ये 'फिल्म न्वार' हे नाव दिलेली धारा अशा दुय्यम चित्रपटांतूनच पुढे फोफावली.

स्टीव्ह रँडल हा ट्रकचालक. लग्नाला चारच महिने झालेले. पन्नास डॉलरांच्या भाड्यासाठी तो रात्री ट्रक नेतो आणि माल चोरीचा असल्याचे त्याला तिथे कळते. गोळीबारात पोलीस मरतो. टोळीप्रमुख रडाकचा धाकटा भाऊ पकडला जातो. गुन्हा स्वतःच्या माथी घे, नाहीतर बायकोचे बरे होणार नाही, असे रडाक स्टीव्हला बजावतो.

मारहाणीचा प्रसंग एका हेलकावणाऱ्या दिव्याखाली घडतो. रेमंड बर यांचा चेहरा क्षणात उजळतो, क्षणात अंधारात बुडतो. मार फारसा दिसत नाही, दहशत मात्र पुरेपूर पोचते. काटकसरीतून शैली कशी घडते, हे शिकवायला आम्हांस याहून सोपे उदाहरण सापडलेले नाही.

तथापि या चित्रपटाचे महत्त्व केवळ छायाप्रकाशात नाही. 'डबल इन्डेम्निटी'चा (१९४४) नायक लोभ आणि वासना यांपायी बुडतो; त्याच्या शिक्षेत एक नैतिक हिशेब असतो. स्टीव्हच्या बाबतीत तो हिशेबच जुळत नाही. त्याने केले ते एवढेच, की जादा काम पत्करले. पुढे तो पोलिसांकडे जातो, तेव्हा अधिकारी त्याला सोडून देतो; पण ते सोडणे सुटकेचे नव्हे, रडाकसाठी लावलेल्या आमिषाचे असते. टोळीला त्याचा कबुलीजबाब हवा, कायद्याला त्याचा माग. माणूस म्हणून तो दोघांनाही नको.

शेवटी जिन्यावरच्या गोळीबारात रडाक मरतो, पतिपत्नी वाचतात. हा शेवट त्या काळच्या सेन्सॉर-संहितेला साजेसाच आहे. आम्हांला मात्र आठवत राहते ती पोलीस ठाण्यातली भेट. टोळीच्या धाकातून सुटू पाहणारा माणूस ज्या दारात आधाराला जातो, तिथेही त्याचा उपयोगच पाहिला जातो. चित्रपट हे ओझरते सांगतो. वाचकांनी तिथे थांबावे, असे आम्हांस वाटते.