वाटाण्याची कुंडी

आमचं टाकानिनी ऑकलंडच्या दक्षिणेला, पापाकुराच्या जरासं अलीकडे. रेल्वेचं छोटं स्टेशन, २००५ साली उघडलेला मोठा गुरुद्वारा आणि रांगेत उभी असलेली एकसारखी घरं. त्यातल्याच एका घराच्या स्वयंपाकघरात २००९ च्या सप्टेंबरमध्ये मी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा उभा केला. इथला सप्टेंबर म्हणजे वसंत ऋतू. शिवाय इथे सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे उत्तरेची खिडकी ती उन्हाची. दिशा मनातल्या मनात उलट्या करायला मला पहिलं वर्ष गेलं होतं!

पण हा उद्योग माझ्या डोक्यातला नव्हे. तो दादासाहेब फाळक्यांचा.

१९११ सालच्या ईस्टरच्या सुमारास मुंबईत गिरगावात फाळक्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना या विद्येचं वेडच लागलं. तसे ते नवखे नव्हते. जे. जे. कला महाविद्यालय, बडोद्याचं कलाभवन, गोध्र्यातला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छापखाना, हे सगळं करून झालं होतं. तरी वयाच्या चाळिशीत त्यांनी पुन्हा श्रीगणेशा केला. एक छोटा कॅमेरा आणला, रात्री मेणबत्ती आणि भिंगाच्या साहाय्याने भिंतीवर चित्रं पाडून पाहू लागले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. मग विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं. तिथे ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म मागवली आणि एप्रिलमध्ये परत आले.

पण मोठ्या चित्रपटाला पैसा देणार कोण? लोकांना आधी काहीतरी दाखवायला हवं. फाळक्यांनी दादरच्या घरी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा ठेवून त्याची वाढ महिनाभर टिपली. मिनिटभराहून थोडी मोठी फिल्म झाली, नाव 'अंकुराची वाढ'. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढतो. निवडक लोकांना ती दाखवली आणि कर्ज मिळालं. त्या कर्जातून पुढे 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. तो ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

तर आमचा प्रयोग. माझ्याकडे जुना कॅनन पॉवरशॉट होता. सीएचडीके नावाची एक फुकट प्रणाली तेव्हा हौशी लोकांनी तयार केली होती. ती मेमरी कार्डावर टाकली की साधा कॅमेरा ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायला लागायचा. मूळ प्रणालीला धक्काही लागत नसे. मी सकाळी सात ते संध्याकाळी सात, दर दहा मिनिटांनी एक असं ठरवलं. दिवसाचे ७२, तीस दिवसांचे २१६०. सेकंदाला २४ चित्रं धरली तर बरोबर दीड मिनिट! बॅटरी दिवसभरसुद्धा टिकेना, म्हणून भिंतीतून वायर ओढली.

पहिल्या आठवड्याची फिल्म जोडून पाहिली तर पडदा नुसता लुकलुकतोय. चूक माझीच. उजेडाचं माप मी कॅमेऱ्यावर सोडलं होतं, त्यामुळे ढग आला की तो प्रत्येक चित्र वेगळ्या उजेडात घेत होता. मग शटर, भिंगाचं तोंड आणि रंगाचं संतुलन हाताने बांधून टाकलं. पुन्हा नवा वाटाणा, पुन्हा पहिला दिवस.

गंमत बघा, १९७५ साली याच कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तोही इकडून तिकडून गोळा केलेल्या भागांतून. चित्र अवघं ०.०१ मेगापिक्सेलचं, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. घरगुती प्रयोगाचा वास त्यालाही येतोच. आता हे सगळं खिशातला फोन करतो.

पण मला यातून कळलं ते तंत्राबद्दल नाही. महिनाभर आमच्या ओट्याची अर्धी जागा अडली होती. सौ. पोळ्या जेवणाच्या टेबलावर लाटत होती. बाविसाव्या दिवशी कुंडी वाळलेली पाहून तिने पाणी घातलं आणि कुंडी बोटभर सरकली. मी ओरडलो. ती एवढंच म्हणाली, "झाड मेलं असतं तर कशाचा फोटो काढला असतास?"

त्या रात्री मी सरस्वतीबाई फाळक्यांबद्दल पुन्हा वाचलं. दागिने गहाण गेले ते त्यांचे. कंपनीतल्या सगळ्यांचा स्वयंपाक त्यांच्याकडे. कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची, ती अंधारात बसून पाडायच्या त्याच. उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड फेकायलाही त्याच उभ्या राहिल्या. आपण म्हणतो, फाळक्यांनी घरात प्रयोग केला. खरं तर प्रयोग सगळ्या घराने केला.

माझी फिल्म अजून आहे. एका मिनिटाच्या थोडं पुढे, नेमकी बाविसाव्या दिवसाच्या जागी, कुंडी एकदम उडी मारते. संगणकावर ती दोन मिनिटांत काढून टाकता येईल. नाही काढली. दीड मिनिटाच्या त्या सबंध फिल्ममध्ये सौ.चा हात लागल्याची तेवढीच एक खूण आहे.