अमानत

आमच्या बेंबळीच्या घरात ‘विश्वस्त’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. आजोबांचा शब्द होता ‘अमानत’. निजामाच्या राज्यात वाढलेला माणूस, शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यामुळे कोर्टकचेरीचे सगळे शब्द त्याच भाषेतले. "दुसऱ्याची अमानत आहे, हात लावू नको," हे आम्ही नातवंडांनी शेजारच्या पेरूपासून वाचनालयाच्या पुस्तकापर्यंत प्रत्येक बाबतीत ऐकलं आहे.

त्यामागची गोष्ट घरातल्या थोरल्यांना माहीत आहे. धाकट्यांसाठी लिहून ठेवतो.

सप्टेंबर १९४८. १३ तारखेला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. शाळेतला धडा इथे संपतो. पुढचे दिवस मात्र फार वाईट होते. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड, ज्यांचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांवरही उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने सर्वात जास्त झळ पोचलेले जे चार जिल्हे सांगितले, त्यांत आपला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आहे.

त्या दिवसांत आजोबांचे उर्दूचे मास्तर कुटुंबासह रातोरात निघून गेले. जाताना एक पितळी डबा आजोबांच्या हाती दिला. ना पावती, ना साक्षीदार. आजोबांनी त्याच रात्री वहीत यादी केली : सोन्याच्या चार बांगड्या, एक साखळी, चांदीचे रुपये एकवीस.

दीड वर्षाने मास्तर परत आले. आजोबांनी डब्याच्या आधी वही पुढे केली. यादीखाली एक ओळ होती : "आजारपणासाठी एक बांगडी मोडली." आजीला तेव्हा विषमज्वर झाला होता. मास्तरांनी वाचलं आणि म्हणाले, "अरे, माझी सून असती तर मीही मोडलीच असती." आजोबा म्हणाले, "मास्तर, तुमची होती, तुम्ही मोडली असती. माझी नव्हती." पुढच्या तीन सुगींत त्यांनी ती बांगडी फेडली. तरीही त्या गोष्टीला ते शेवटपर्यंत ‘खयानत’च म्हणत. आजीला ते आवडत नसे. "मग मला मरू द्यायचं होतं का?" असं ती विचारायची. त्यावर आजोबा गप्प.

हे सगळं आठवायचं निमित्त म्हणजे लंडनमधला एक खटला.

ज्या आठवड्यात तो डबा आमच्या माळवदाच्या घरात आला, साधारण त्याच सुमारास निजाम सरकारच्या लंडनमधल्या खात्यातून १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग एवढी रक्कम पाकिस्तानचे तिथले उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावावर गेली. व्यवहार केला निजामाचे मंत्री मोईन नवाज जंग यांनी. निजामाने काही दिवसांतच बँकेला कळवलं, माझी परवानगी नव्हती, पैसे परत करा. बँक म्हणाली, ज्यांच्या नावावर आहेत त्यांची संमती आणा. निजाम कोर्टात गेला, पण परक्या सार्वभौम देशावर इथे दावा चालवता येत नाही, असं १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं. पैसे अडकले ते अडकलेच.

२०१३ मध्ये पाकिस्ताननेच दावा लावला आणि कवाड उघडलं. २ ऑक्टोबर २०१९ ला न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला : खातं रहिमतुल्लांच्या नावावर असलं तरी पैसा त्यांचा नव्हता, पाकिस्तानचाही नव्हता. ते नुसते सांभाळणारे. खरा हक्क सातव्या निजामाचा आणि म्हणून आता त्याच्या वतीने मागणाऱ्या दोन नातवांचा आणि भारत सरकारचा. तोवर रक्कम झाली होती सुमारे साडेतीन कोटी पौंड!

कायद्यातली विश्वस्ताची सगळी कल्पना या निकालात आहे. कागदावर नाव एकाचं, भोगण्याचा हक्क दुसऱ्याचा. आपल्याकडे १८८२ चा भारतीय न्यास कायदा खासगी विश्वस्तांना लागू आहे. विश्वस्ताने ठेव स्वतःच्या फायद्यासाठी वापरू नये, नियम मोडून नुकसान केलं तर भरून द्यावं आणि लाभार्थी मागेल तेव्हा हिशोब दाखवावा, असं तो सांगतो. थोडक्यात, आजोबांनी बांगडी मोडली तिथे ते चुकले, आणि वही पुढे केली तिथे बरोबर होते. मन चांगलं होतं की वाईट, हा प्रश्न कायदा नंतर विचारतो.

पण निकाल वाचल्यावर मला एका गोष्टीने सोडलं नाही. ते दहा लाख पौंड निजामाचे तरी कसे? खातं सरकारी होतं. सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या पैशाने, त्यात बेंबळीच्या ज्वारीवरचा शेतसाराही आलाच. मग निजाम मालक की तोही विश्वस्तच? न्यायमूर्तींपुढे हा प्रश्न नव्हता, त्यांना दोष नाही. कायद्याची साखळी जिथे संपते तिथून राजकारणाची सुरू होते, एवढंच.

राजकारणात हा शब्द जुना आहे. १७८३ मध्ये एडमंड बर्कने ब्रिटिश पार्लमेंटात ईस्ट इंडिया कंपनीला सुनावलं होतं की माणसांवरची सत्ता ही ठेव असते आणि ठेवीचा जाब द्यावा लागतो. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की गीतेतला अपरिग्रह त्यांना उलगडला तो कायद्याच्या अभ्यासात वाचलेल्या ‘ट्रस्टी’ शब्दामुळे. पुढे श्रीमंतांनी आपल्या संपत्तीचं विश्वस्त व्हावं असं ते सांगत राहिले. संयुक्त राष्ट्रांनी तर या नावाचं एक मंडळच काढलं. ११ प्रदेश त्याच्या देखरेखीखाली होते, शेवटचा पलाऊ १९९४ मध्ये स्वतंत्र झाला.

शब्द छान आहे, म्हणूनच जरा भीती वाटते. सत्ताधारी सहज म्हणतो, मी तर नुसता विश्वस्त. म्हणजे तुमचं भलं कशात आहे ते मी ठरवणार! त्या ११ प्रदेशांतल्या लोकांना निदान संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करता येत होता. आमच्या संस्थानात १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होतानाच तिच्यावर बंदी आली. हिशोब मागायचा कुठे आणि कुणी?

मला वाटतं, खरा विश्वस्त ओळखायची खूण तो काय म्हणतो यात नाही. ज्याची ठेव आहे त्याला वही मागता येते का, आणि मागितल्यावर ती पुढे येते का, एवढंच बघावं. गावच्या ट्रस्टला, सोसायटीला, ग्रामपंचायतीला, दिल्लीला, सगळ्यांना हीच फूटपट्टी.

आजोबांची ती वही अजून आहे. त्या ओळीखाली तीन सुगींच्या तीन रकमा आहेत आणि शेवटी उर्दूत मास्तरांची सही. मला उर्दू येत नाही. सहीच्या वर दोन शब्द आहेत, ते गेल्या वर्षी एकाकडून वाचून घेतले.

‘हिशोब साफ.’

आजी ते वाचायला हवी होती, असं फार वाटलं. असो.