नव्या ‘थार’ला काय जोडावे, काय टाळावे?

सातपूर औद्योगिक वसाहतीतील महिंद्राच्या कारखान्यामुळे नाशिकचे नाव बोलेरो आणि स्कॉर्पिओशी कायमचे जोडले गेले. या मालिकेतील तरुणाईची सर्वाधिक लाडकी गाडी म्हणजे ‘थार’. २०१० मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचा नवा अवतार २ ऑक्टोबर २०२० रोजी सादर झाला आणि आजवर केवळ हौशी मंडळींची समजली जाणारी गाडी मध्यमवर्गीयांच्या दारातही उभी राहू लागली.

परदेशात ‘एटीव्ही’ म्हटले की हॅण्डलने वळवायची, जाड चाकांची, उघडी चारचाकी डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे तिचे दर्शन प्रामुख्याने रिसॉर्टच्या आवारातच घडते, कारण रस्त्यावर चालवण्यासाठी तिची सहसा नोंदणी होत नाही. साहजिकच डांबर संपल्यावरही पुढे जाण्याची हौस भागवण्यासाठी नाशिककर थारसारख्या गाडीकडे वळतो. गाडी घरी आली की ॲक्सेसरीजची यादी सुरू होते. मोठे टायर, पुढे लोखंडी गार्ड, छतावर दिव्यांची रांग! या यादीतील काही वस्तू खरोखर जीव वाचवतात, तर काही जीवावर उठतात. हा फरक पैसे मोजण्यापूर्वीच ओळखलेला बरा.

आधी गाडी ओळखावी

२०२० च्या थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर असून ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून ती जाऊ शकते, असे कंपनीने जाहीर केले होते. त्र्यंबकेश्वर, हरसूल किंवा भावली परिसरातील कच्च्या रस्त्यांसाठी ही क्षमता सहसा पुरेशी ठरते. मात्र जानेवारी २०२३ मध्ये केवळ मागील चाकांना शक्ती देणारी आवृत्तीही बाजारात आली. दिसायला ती सारखीच असली, तरी चारही चाकांना शक्ती पुरवणारी यंत्रणा आणि चढासाठी लागणारा ‘फोर लो’ गिअर तिच्यात नाही. कोणतीही ॲक्सेसरी ही उणीव भरून काढू शकत नाही. आपली गाडी कोणती आणि ती कोठे जाणार आहे, याचे प्रामाणिक उत्तर मिळाले की निम्मी यादी आपोआप गळून पडते.

फोर-बाय-फोर मालकांनीही एक पथ्य पाळावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ‘फोर हाय’ किंवा ‘फोर लो’ वापरू नये. वळणावर पुढील व मागील चाके वेगवेगळे अंतर कापतात. चाकांना घसरायला वाव नसला, की तो ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

टायर : दिखाऊपणा नको

टायरवरील २५५/६५ आर १८ या आकड्यांचा अर्थ सोपा आहे. रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रचना रेडियल आणि रिमचा व्यास १८ इंच. अशा टायरचा एकूण व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २६५/७० आर १८ बसवल्यास तो सुमारे ८२८ मिलिमीटर, म्हणजे पाच टक्क्यांनी वाढतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी तेवढे अधिक अंतर कापते. परिणामी मीटरवर ८० चा वेग दिसत असताना प्रत्यक्ष वेग पूर्वीपेक्षा पाच टक्क्यांनी अधिक असतो. शिवाय इंजिन आणि ब्रेक यांच्यावरील ताण वाढतो, इंधनही जास्त लागते.

खोल नक्षीचे ‘मड टेरेन’ टायर चिखलात उत्तम चालतात; पण मुंबई-आग्रा महामार्गावर ते घोंघावतात आणि ओल्या डांबरावर त्यांची पकड तुलनेने कमी पडते. शहरात नव्वद टक्के वापर असणाऱ्यांनी मूळ मापाचे ‘ऑल टेरेन’ टायर निवडणे शहाणपणाचे. भारक्षमता व वेगमर्यादेचे चिन्ह मूळ टायरपेक्षा कमी प्रतीचे नसावे.

लोखंडी गार्डचा धोका

पुढे बसवलेला क्रॅश गार्ड भक्कम दिसतो. प्रत्यक्षात धडकेचा आघात शोषण्यासाठी गाडीचा पुढील भाग ठरावीक रीतीने चेपला जाणे अपेक्षित असते आणि एअरबॅग उघडण्याची वेळही त्या गणितावर अवलंबून असते. थेट चासीला जखडलेला गार्ड हे गणित बिघडवू शकतो. पादचारी किंवा दुचाकीस्वाराला तर गादीऐवजी लोखंडाचाच मार बसतो. २०२० मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’च्या चाचणीत थारला चार तारे मिळाले, ते अशा गार्डविना.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अनधिकृत क्रॅश गार्ड आणि बुल बारविरुद्ध कारवाई करण्याच्या सूचना राज्यांना दिल्या. ‘सगळेच लावतात’ हे उत्तर अपघातानंतर उपयोगी पडत नाही.

दिवे आणि वायरिंग

इगतपुरीचे धुके आणि कसारा घाटातील पाऊस पाहून जादा दिव्यांचा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि धुक्यात प्रखर पांढरा प्रकाश उलटून डोळ्यांवर येतो. तेथे खाली, रुंद पसरणारा प्रकाश आणि कमी वेग हाच उपाय होय. छतावरील एलईडी पट्टी समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवते. तिचा वापर सार्वजनिक रस्त्यावर करूच नये.

हॅलोजन हेडलाइटच्या बल्बची नेहमीची क्षमता ६०/५५ वॅट असते. बाजारात मिळणारे १००/९० वॅटचे बल्ब लावल्यास होल्डर आणि वायर तापून वितळण्याची भीती असते. मूळ वायर कापून जोडकाम करणाऱ्या कारागिराला ठाम नकार द्यावा. स्वतंत्र फ्यूज व रिले नसलेले जोडकाम आगीला निमंत्रण देते आणि वॉरंटीही धोक्यात आणते.

अडकल्यावर सुटका

खरा खर्च येथे करावा. टायरमधील हवेचा दाब मोजणारे यंत्र, १२ व्होल्टचा हवा भरण्याचा पंप, क्षमता नमूद केलेला ओढण्याचा पट्टा, तशाच दर्जाच्या शॅकल, फावडे, हातमोजे, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी एवढ्या साहित्यावर बहुतेक प्रसंग निभावतात. मऊ मातीत टायरमधील हवा कमी केली की त्याचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो आणि गाडी रुतत नाही. मात्र डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरणे आवश्यक असते. म्हणूनच पंप हवा.

विंच घ्यायचाच असेल, तर त्याची खेचण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट असावी, असा सर्वमान्य नियम आहे. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये आणि दोरावर जाड घोंगडी टाकावी. तुटलेली पोलादी दोरी चाबकासारखी फिरते. ओढण्याचा पट्टा टो-बारच्या गोळ्याला कधीही अडकवू नये; तो गोळा तुटून गोळीसारखा सुटल्याने माणसे दगावली आहेत.

पाणी आणि छत

स्नॉर्केल लावला म्हणजे गाडीची पाणबुडी झाली, असे नव्हे. इंजिनाला हवा उंचावरून मिळते एवढेच; दरवाजे, वायरिंग आणि गिअरबॉक्सची हवा जाण्याची नळी पूर्वीच्याच उंचीवर राहतात. वाहत्या ओढ्यात खोलीइतकाच प्रवाहाचा वेग महत्त्वाचा असतो. तळ दिसत नसेल तर माघारी फिरावे.

छतावरील कॅरिअरमुळे गुरुत्वमध्य वर सरकतो आणि उंच, आखूड गाडी वळणावर कलंडण्याची शक्यता वाढते. कापडी छतावर वजन ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. फायबरच्या छतावरही कंपनीने नमूद केलेल्या मर्यादेपलीकडे भार टाकू नये.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या निर्देशांहून वेगळे ठरतील, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नंबरप्लेट झाकणारा बंपरही अडचणीचाच. कंपनीने मान्य केलेल्या ॲक्सेसरीजची पावती जपून ठेवावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवलेल्या बदलामुळे दावा अडकू शकतो.

खर्चाचा क्रम

पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत रबरी मॅट आणि सुरक्षा साहित्य यापलीकडे काही घेऊ नये. त्यानंतर चालकाच्या प्रशिक्षणावर खर्च करावा. महिंद्राने इगतपुरीजवळ ऑफ-रोड प्रशिक्षणाची सोय उभारली, ती याच हेतूने. पुढे सुटकेची साधने, टायर झिजल्यावर योग्य टायर आणि शेवटी शोभेच्या वस्तू.

आणखी एक भान राखावे. २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झालेल्या अंजनेरीवर गिधाडांचा अधिवास आहे आणि तेथील पठारावर दुर्मीळ वनस्पती उगवतात. पावसाळ्यातील सडे वरून ओसाड भासले, तरी एका चाकोरीने तेथील मातीचा पातळ थर वाहून जातो. गाडी कोठेही जाऊ शकते म्हणून ती सर्वत्र नेलीच पाहिजे, असे नाही. रुळलेली वाट न सोडणारा चालक हीच कोणत्याही थारची सर्वांत मौल्यवान ॲक्सेसरी होय आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नाही.