मोडाचं पीठ

आमच्या घरात दारूचं नाव मोठ्याने घेत नसत. शहापूर तालुक्यातलं डोंगराच्या पायथ्याचं गाव. भात आणि नाचणीची शेती, बांधावर मोहाची चार झाडं. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडांखाली फुलांचा सडा पडे, सगळी शेतं गोड-उग्र वासाने भरून जात. शेजारीपाजारी फुलं वेचून नेत. आमचा बा मात्र ती झाडून खताच्या खड्ड्यात लोटी. घरात एक पसाभरही ठेवू देत नसे.

त्याला कारण होतं 1952 सालचं. घरामागच्या परसात पुरलेलं मडकं सापडलं आणि आज्याला तीन महिन्यांची सजा झाली. बा तेव्हा बारा वर्षांचा. त्याची शाळा त्या पावसाळ्यात सुटली ती कायमची. आज्या परत आला, पण पुढं चावडीवर कधी बसला नाही. हे सगळं मला आजीने सांगितलं, जात्यावर बसून, हळू आवाजात. सांगून झालं की ती म्हणायची, "तू नको हात लावू पोरा त्याला." मी लावला नाही.

2018 साली मुलाकडे इंग्लंडला गेलो. तो डर्बीत नोकरीला आहे. एका शनिवारी सकाळी पाहतो तर स्वयंपाकघरात मोठं पातेलं, थर्मामीटर आणि धान्याची पिशवी मांडलेली.

"बाबा, आज पहिल्यांदा धान्यापासून बिअर करतोय. आजवर डब्यातला तयार अर्क आणून करायचो."

मी काही न बोलता फिरायला निघून गेलो. डोक्यात परसातलं ते मडकं. परत आलो तो दारातच एक वास आला आणि पाय थांबले. तो वास माझ्या ओळखीचा होता. आजीच्या चुलीवरच्या पेजेचा.

आमच्याकडे लहान पोराला नाचणीची पेज देत. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजून दळायची. ते मोडाचं पीठ. साध्या पिठाची पेज घट्ट झाली की आजी त्यात चिमूटभर मोडाचं पीठ टाकी. "बघ, आता कशी सैल व्हते." आणि खरंच, थोड्या वेळात पेज पातळ होई, गोडसरही लागे. आम्हाला ती जादू वाटायची.

मुलाच्या पिशवीत पाच किलो सातू होते. मोड आणून, वाळवून, भरडलेले. तेरा लीटर पाणी बहात्तर अंशांपर्यंत तापवून त्याने त्यात ते ओतले. ऊन सहासष्ट अंशांवर आलं. मग पातेल्याला गोधडी गुंडाळून तासभर तसंच ठेवलं. सुरुवातीला नुसती घट्ट कांजी होती. तासाने झाकण काढलं तर पातळ, सोनेरी, गोड. त्याने बशीत थोडं घेऊन आयोडिनचा थेंब टाकला. पिष्ठ शिल्लक असेल तर काळंनिळं होतं, म्हणाला. झालं नाही.

मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात, ती पिष्ठाची साखर करतात. पुढे त्या साखरेवर यीस्ट जगतं. आजीच्या चिमटीतली जादू ती हीच. फरक इतकाच की आजी तिथेच थांबायची.

पुढे पातेल्याची तोटी तुंबली. मुलगा घाबरला. मला राहवलं नाही. पावसाळ्यात विहिरीचं पाणी आम्ही वाळू-कोळशाच्या मडक्यातून गाळायचो. म्हटलं, "घाई करू नको. एकदा ढवळ, बसू दे, हळूहळू सोड आणि पहिलं गढूळ परत वर ओत." तसं केलं. धार लागली, स्वच्छ. वरून गरम पाणी घालून उरली गोडी धुऊन घेतली. मग हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं टाकून तासभर उकळी, गार करणं, यीस्ट, झाकण.

रात्री त्याला विचारलं, "हे इथं गुन्हा नाही?"

नाही, म्हणाला. पण पूर्वी होता, परवाना नसेल तर. मी नंतर वाचून काढलं. 1880 मध्ये तिथल्या सरकारने घरी बिअर करणाऱ्यांना परवाना लावला. 1963 च्या अर्थसंकल्पात तो काढून टाकला. आता घरच्यापुरती करा, विकू नका, एवढंच.

त्याच राज्यकर्त्यांनी आमच्याकडे 1878 ला मुंबईचा अबकारी कायदा आणला. घरोघर गाळली जाणारी मोहाची दारू सरकारी परवान्याच्या भट्टीत गेली, कारण महसूल तिथून मिळणार होता. तरी माणसं थांबेनात, म्हणून 1892 ला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलांवरच निर्बंध आले. बा फुलं खड्ड्यात लोटायचा ती भीती आज्याच्याही आधीची होती. स्वराज्य आलं, 1949 चा दारूबंदी कायदा आला, त्यात आज्या सापडला. त्याच्या विळखा-मडक्याला इंग्रजी आणि देशी, दोन्ही कायदे सारखेच.

मी दारूची बाजू घेत नाही. गावात दारूने मोडलेली घरं मोजायला दोन्ही हात पुरत नाहीत. 2015 ला मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ती दारू कुणाच्या घरच्या मडक्यातली नव्हती, धंद्याची होती. मोहात साखर आधीचीच, त्याला मोड लागत नाहीत. ते ज्ञान आज्याबरोबर आमच्या घरातून पुसलं गेलं. नाचणीचं टिकलं, कारण ते पोरांच्या पेजेत होतं आणि पेजेवर कुणाचा कर नव्हता.

महिनाभराने, मी निघायच्या आदल्या दिवशी, मुलाने बाटली उघडली. आजीची क्षमा मागून एक घोट घेतला. कडू लागला, मागून धान्याची गोडी आली. दुसरा घेतला नाही.

"बाबा, गावी आलो की तिथंही करून बघू?"

"नाही," मी म्हटलं. "तो कायदा अजून आहे. आपल्या घराने एकदा भरलंय."

तो गप्प झाला. मग मीच म्हणालो, "तू ये तर. नाचणीला मोड आणून ठेवतो."