पंच, सरपंच आणि पुसलेली रेषा

कबड्डीच्या मैदानावर न्यायनिवाडा करणाऱ्याला आपण 'पंच' म्हणतो आणि दोन पंचांच्या वर जो असतो त्याला 'सरपंच'. क्रिकेटच्या अंपायरला मात्र, वृत्तपत्रांनी कितीही 'पंच' लिहिले तरी, मैदानावर कोणी पंच म्हणत नाही. हा शब्दभेद मला बरीच वर्षे केवळ गमतीचा वाटत असे. पुढे व्युत्पत्तीच्या नादी लागल्यावर लक्षात आले की गंमत वाटते त्यापेक्षा खोल आहे. 'अंपायर'चे मूळ जुन्या फ्रेंचमधील 'नोंपेर', म्हणजे जो जोडीत बसत नाही, दोघांपैकी कोणाच्याही बरोबरीचा नाही असा तिसरा. इंग्रजीत येताना त्याचा आरंभीचा 'न' उपपदाला जाऊन चिकटला आणि 'अंपायर' उरला. आपला पंच याच्या अगदी उलट. तो गावातलाच, पाचांतला एक, सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या निवाड्याला मान असतो तो ओळखीमुळे, परकेपणामुळे नव्हे. पाचामुखी परमेश्वर ही आपली श्रद्धा आहे, परक्यामुखी परमेश्वर अशी म्हण मराठीत नाही.

उपनगरांतील महाविद्यालयीन कबड्डीविषयी, तिच्या बाद फेऱ्यांतील पंचगिरीविषयी आणि खेळाच्या दर्जाविषयी जी कुरबुर दर हिवाळ्यात ऐकू येते, तिची मुळे मला या दोन शब्दांतील अंतरात दिसतात.

थोडा इतिहास पाहिला पाहिजे. महाराष्ट्रात 'हुतूतू' या नावाने खेळल्या जाणाऱ्या या खेळाला नियमांची चौकट देण्याची खटपट विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाली. १९२३ साली नियम छापले गेले आणि बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने स्पर्धा भरवल्या. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके तिथे केली. अखिल भारतीय संघटना १९५० साली आली. ही सनावळी सर्वत्र सापडते. तिच्यात न सापडणारी गोष्ट अशी की नियमांच्या या साऱ्या प्रवासात पंचाचे काम वाढत गेले आणि त्याची साधने मात्र जवळपास होती तिथेच राहिली.

जुने तीन प्रकार आठवून पाहा. 'अमर' प्रकारात बाद झालेला खेळाडू मैदान सोडतच नसे, फक्त गुण मोजले जात. पंच म्हणजे जवळजवळ कारकून. 'गामिनी'त बाद झालेला बाहेर बसे आणि सगळा संघ गारद होईपर्यंत परत येत नसे. तिथे पंचाला एकेकदाच बोट दाखवावे लागे. आज रूढ असलेल्या 'संजीवनी'त मात्र माणसे मरतात आणि जिवंत होतात, तीही ज्या क्रमाने बाद झाली त्याच क्रमाने. समोरच्याचा एक गडी टिपला की आपला एक परततो. म्हणजे एका चुकीच्या निर्णयाचा परिणाम एका गुणापुरता राहत नाही; तो पुढच्या चढाईला मैदानात कोण उभा असेल हेच बदलतो. कोपरारक्षक बाहेर बसला तर साखळी तुटते, साखळी तुटली की लोण जवळ येतो, आणि लोणाचे दोन गुण वेगळेच. संजीवनीने खेळ देखणा केला, वेगवान केला, यात शंका नाही. त्याची किंमत पंचाच्या डोळ्यांनी मोजली.

डोळ्यांनी म्हटले, पण आधी ती कानांनी मोजली होती. 'दम' हा या खेळाचा प्राण. चढाई करणाऱ्याचा 'कबड्डी कबड्डी' हा उच्चार अखंड, स्पष्ट आणि एका श्वासात आहे की नाही हे पंचाने ऐकून ठरवायचे. गल्लीच्या तोंडाशी भरलेल्या सामन्यात, बाजूला ढोल-ताशा, कर्ण्यावर समालोचन आणि प्रेक्षक रेषेला खेटून उभे, अशा स्थितीत एका तरुणाचा श्वास ऐकायचा! पुढे चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली आणि हा निवाडा पुष्कळसा घड्याळाकडे गेला. जुने खेळाडू याबद्दल हळहळतात, दमाचा खेळ गेला म्हणतात. मला त्यांचे म्हणणे भावनेपुरते पटते. ज्या गोष्टीचा न्याय करता येत नाही तिच्यावर सामना सोडणे हे खेळाडूवर अन्यायाचेच होते.

गिरणगावात हा खेळ वाढला हे सर्वज्ञात आहे. लालबाग-परळच्या मंडळांतून, व्यायामशाळांतून आणि बुवा साळवींसारख्या संघटकांच्या हयातभराच्या कामातून त्याला शिस्त आली. बुवांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव विसकटत गेले आणि पुष्कळ कुटुंबे उपनगरांत आणि त्यापलीकडे सरकली. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड आणि इकडे जोगेश्वरी ते बोरिवली या पट्ट्यांत कबड्डी आधीपासून होतीच. आता तिच्यात गिरणगावची ईर्षा मिसळली. याच मंडळांतली मुले आमच्या महाविद्यालयांत येतात. सकाळी वर्गात, संध्याकाळी मंडळात. आणि पंच? तेही याच मंडळांतून येतात. एकेकाळचे खेळाडू, राज्य संघटनेची पंच परीक्षा उत्तीर्ण झालेले, दिवसभर बँकेत किंवा कारखान्यात काम करून संध्याकाळी शिट्टी गळ्यात घालणारे. मानधन असे की त्यासाठी कोणी हे काम करणार नाही. 'नोंपेर' शोधायला गेलात तर या मैदानांवर एकही सापडणार नाही.

आता स्वतःचा अनुभव सांगतो. नावे घेत नाही, कारण नावांशी माझे भांडण नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या जिमखाना समितीवर असताना मला संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून जावे लागले. मराठी शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी पाण्याच्या बाटल्या आणि ओळखपत्रे सांभाळण्यापलीकडे काम नसते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील उपान्त्य सामना, मातीचे मैदान, फक्कीने आखलेल्या रेषा. शेवटची चढाई. आम्ही एका गुणाने मागे, समोर सहा बचावपटू. आमचा चढाईपटू, भांडुपच्या डोंगराळ वस्तीत राहणारा द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, डाव्या अंगाने आत शिरला, पाय बोनस रेषेच्या पलीकडे टाकला, मागचा पाय हवेत, आणि परत आला. एका पंचाने गुण दिला. दुसऱ्याने नाकारला. सरपंचांनी क्षणभर मैदानाकडे पाहिले आणि गुण नाकारला. बरोबरी झाली असती तर पाच-पाच चढायांवर सामना गेला असता. तो गेला नाही.

मला तेव्हा जे वाटले ते सांगण्याजोगे नाही. गुण नाकारणारे पंच ज्या मंडळाचे, त्याच मंडळात प्रतिस्पर्धी संघातले तिघे खेळत होते, ही माहिती मला पाच मिनिटांत मिळाली. उपनगरांत अशी माहिती मिळायला वेळ लागत नाही. दहाव्या मिनिटाला मात्र दुसरीही माहिती मिळाली: ज्यांनी आम्हाला गुण दिला त्या पंचांनीच आमच्या मुलाला लहानपणी पहिली पकड शिकवली होती.

सामन्यानंतर टपरीवर ते गुण नाकारणारे पंच स्वतःहून माझ्याजवळ आले. म्हणाले, "सर, खरं सांगू? रेष होतीच कुठं? पंधराव्या मिनिटाला पुसली होती. आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या रेषा बघत होतो." मी विचारले, मग थांबवून आखून का घेतली नाही. ते हसले. सहा वाजता मैदान दुसऱ्यांना द्यायचे होते, आणि आणखी दोन सामने बाकी होते.

हा गुण म्हणजे नुसता गुण नव्हता, हे वाचकांना सांगितले पाहिजे. बाद फेरीत पुढे गेलेल्या संघातला खेळाडू निवडकर्त्यांच्या डोळ्यांसमोर राहतो. विद्यापीठाच्या संघात जाण्याची वाट तिथून निघते, आणि पुढे आंतरविद्यापीठ, राज्य, राष्ट्रीय. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. व्यावसायिक संघांचे दिवस ओसरले असले तरी बँका, रेल्वे, पोलीस यांची दारे चांगल्या खेळाडूला अजून किलकिली असतात. ज्या घरात एकाच पगारावर पाच-सहा माणसे जगतात तिथल्या मुलासाठी बोनस रेषेची चार बोटे रुंदी म्हणजे काय, हे कॉफीचा मग हातात घेऊन दूरचित्रवाणीवर कबड्डी पाहणाऱ्याला कळणे अवघड आहे.

दूरचित्रवाणीचा उल्लेख आलाच आहे, तर तिच्याकडेही वळू. २६ जुलै २०१४ रोजी वरळीत प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला आणि खेळाचे दर्शनी रूप पालटले. मॅट, दिवे, पडद्यावरचे घड्याळ, आणि निर्णय पुन्हा तपासून पाहणारा तिसरा डोळा. परिणाम असा की आमची मुले आता मातीच्या मैदानावरही हाताने पडद्याची चौकट काढून दाद मागतात, आणि पंच बिचारे कुठल्या पडद्याकडे पाहणार? टीव्हीने मुलांना न्यायाची एक नवी कल्पना दिली, पण तो न्याय करण्याचे साधन मैदानात पोचवले नाही.

खेळाच्या दर्जाबाबत मात्र सगळा दोष पंचांच्या माथी मारणे मला मान्य नाही. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घ्यावाच लागेल, हा नियम रेंगाळणाऱ्या संघांना हलवण्यासाठी आला. आमच्या महाविद्यालयीन संघांनी त्याचा अर्थ असा लावला की पहिल्या दोन चढायांत काही करायचेच नाही. चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, जांभई द्यावी तसा हात पुढे करतो आणि परततो. चाळीस मिनिटांच्या सामन्यात खरी कबड्डी किती, असा प्रश्न पडतो. शरीरयष्टी सुधारली, पकडी जोरकस झाल्या, हे खरे. पण हूल देणे, पाठलाग करणे, समोरच्याच्या मनात शिरणे हे जे जुन्या खेळाचे नाट्य होते ते उपान्त्य फेरीपर्यंतही क्वचितच दिसते. मुलींचे सामने तुलनेने अधिक मोकळे आणि बुद्धीने खेळलेले असतात असे माझे मत आहे. माझे सहकारी यावर माझ्याशी भांडतात.

परका निवाडेकार आणला की प्रश्न सुटतो का? क्रिकेटने हा प्रयोग केला. नोव्हेंबर १९८६ मध्ये पाकिस्तान-वेस्ट इंडीज लाहोर कसोटीत दोन भारतीय अंपायर उभे राहिले: व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर. यांपैकी पिलू रिपोर्टर म्हणजे आमच्या मुलुंडच्या चेकनाक्यापलीकडचे, ठाण्याचे. आपल्या घरच्या अंपायरांविषयीच्या तक्रारींना कंटाळून इम्रान खान यांनी तटस्थांचा आग्रह धरला होता. पुढे २००२ पासून कसोटीचे दोन्ही अंपायर तटस्थ देशांचे असू लागले. घरच्या पंचावरचा संशय त्यामुळे नक्कीच ओसरला. चुका व्हायच्या त्या होतच राहिल्या. फक्त त्यांना हेतू चिकटवणे अवघड झाले. आणि हेही थोडे नाही.

कबड्डीला मात्र त्याहून वेगळे दुखणे आहे, आणि ते ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौला साऱ्या आशियासमोर उघडे पडले. आशियाई स्पर्धांत १९९० पासून २०१४ पर्यंत सलग सात सुवर्णपदके जिंकलेला भारत २०१८ मध्ये उपान्त्य फेरीत इराणकडून हरला होता. आता अंतिम सामन्यात तोच इराण समोर होता. गुण २८-२८, वेळ संपत आलेली. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात उतरला. त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही त्यात गेले. झटापट झाल्याशिवाय राखीव क्षेत्र खेळात धरले जात नाही, म्हणून पवन बाद हे उघड. पण त्याच्यामागे गेलेले? नियमाच्या एका पाठाप्रमाणे तेही बाद, दुसऱ्या पाठाप्रमाणे नाहीत. निर्णय बदलत गेला, दोन्ही संघ आळीपाळीने मैदानात बसकण मारू लागले, सामना तासभर खोळंबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला.

तिथे मॅट होती, कॅमेरे होते, रेषा लख्ख होत्या. रेषेबद्दल वाद नव्हताच. रेषेच्या अर्थाबद्दल होता. आम्ही पाठभेदाचे वाद हस्तलिखितांपुरते समजत होतो. मराठीच्या विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा शिकवताना मी आता हे उदाहरण देतो, आणि एरवी शेवटच्या बाकावर झोपणारी मुले उठून बसतात.

त्या भांडुपच्या मुलाविषयी कोणी विचारील म्हणून सांगतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळला, विद्यापीठाच्या संघात त्याची निवड झाली नाही, आणि पदवी घेऊन तो एका खासगी कुरिअर कंपनीत लागला. मंडळात संध्याकाळी अजून येतो. त्याच्या शेवटच्या स्पर्धेत मीही होतो. मध्यंतराच्या पाच मिनिटांत तेच पंच, तेच ते टपरीवरचे, फक्कीची पिशवी घेऊन स्वतः वाकून बोनस रेषा आखत होते. दोरी न लावल्यामुळे रेष उजवीकडे किंचित वाकडी गेली. प्रतिस्पर्धी संघाच्या व्यवस्थापकांनी त्याला हरकत घेतली, आणि ती पुसून पुन्हा आखेपर्यंत आणखी दहा मिनिटे गेली.