शरणपूर : रस्त्याच्या नावामागचं गाव

कळवणचा माणूस दवाखान्याच्या नाहीतर कोर्टाच्या कामाला नाशिकला उतरला, की शरणपूर रोड त्याला सहसा चुकत नाही. या रस्त्याला नाव देणारं शरणपूर एकेकाळी शहराबाहेर मुद्दाम वसवलेलं गाव होतं. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ते १८५४च्या सुमारास वसवलं. हातून चुकून मनुष्यवध झालेल्याला सूडापासून वाचता यावं, म्हणून जुन्या करारात सहा नगरं राखून ठेवलेली आहेत. मराठी बायबलात ती ‘शरणपुरे’. प्राइसच्या गावात आले ते मात्र काहीच गुन्हा नसलेले लोक : अनाथ पोरं आणि बाप्तिस्मा घेतला म्हणून घरादाराला मुकलेले.

शेजाऱ्यावर प्रीती कर, ही ख्रिस्ताची आज्ञा. पण प्रीती काही हुकमाने उपजत नाही. तिच्यासाठी जमीन घ्यावी लागते, छप्पर घालावं लागतं, रोजचा शिधा काढावा लागतो. शरणपूर म्हणजे ही सगळी तजवीज. आणि दार एकदा उघडं ठेवलं, की कोण येईल हे आपल्या हाती उरत नाही.

इंग्रजी आरमार त्या काळी हिंदी महासागरात गुलामांची गलबतं पकडत असे. सोडवलेल्या आफ्रिकनांपैकी पुष्कळांना मुंबईत उतरवलं जाई. त्यांत लहान मुलंही असत. त्यांच्यासाठीचा आश्रम १८६०च्या सुमारास शरणपुरात आला. इथे मुलं लिहायला-वाचायला, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांना इंग्रजी नावं मिळाली, धर्मही मिळाला; यात त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. हा दोष झाकण्याचं कारण नाही.

१८६५मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने तिथल्या आपल्या अखेरच्या सफरीसाठी शरणपूरच्या या आफ्रिकनांतले नऊ जण निवडले. त्यांच्या आळसाबद्दल तो पुढे बरीच कुरकूर करतो. १८७२मध्ये त्याच्या मदतीला गेलेल्या तुकडीत शरणपूरचाच जेकब वेनराइट होता. १ मे १८७३च्या सुमारास, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन वारला. बरोबरच्यांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली. देह मिठाने, उन्हाने सुकवून, कापडात गुंडाळून ते समुद्राकडे निघाले. किनारा गाठायला नऊ महिन्यांच्या आसपास लागले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकबही होता.

शरणपूरची कीर्ती सांगणारे बहुधा इथेच थांबतात. मला विचाराल तर खरी गोष्ट पुढची आहे.

१८७५मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रेअरटाउन वसवलं, शरणपूरच्याच धर्तीवर. शरणपूरची बरीच आफ्रिकन मंडळी तिकडे गेली. पण विल्यम हेन्री जोन्स त्याआधी, १८६४मध्येच, जवळच्या रबाईला पोहोचला होता. हाही सोडवलेला गुलाम, याच वर्तुळात वाढलेला. रबाईला किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रात्री-अपरात्री येऊ लागले. पळपुट्यांना थारा देऊ नका, असं मिशनचं धोरण होतं, कारण मालक हत्यारं घेऊन दारात येत. जोन्सने त्यांना परत पाठवलं नाही. झोपड्या वाढल्या, शेतं वाढली, मालकांचा राग वाढला.

१८८८मध्ये प्रकरण चिघळलं. इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने चौकशी करून मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाईला सुमारे १,४०० जणांना मुक्तीचे दाखले वाटले. पैसे कंपनीचे, म्हणून श्रेयही तिच्याच खात्यावर गेलं. आसरा मात्र जोन्सनेच दिला होता.